गाळलेलं वाक्य

९ जानेवारी

प्रिय ठोकळ्या,

तुझ्या कानांना फोन झेपत नाही आणि माझ्या वर्गात फोनला बंदी, घरीही मी तो ठेवलेला नाही, म्हणून या वयात आपण दोघं अजून पाकिटं चिकटवत बसतो. आमचा पोस्टमन परवा विचारत होता, सर, हे कोण हो तुमचे? म्हटलं, ज्याने मला गादीवर किमान हजार वेळा आपटलंय तो माणूस. बिचारा सायकलवर टांग मारून सटकला.

कामाचं लिहितो. येत्या वीस मार्चला माझ्या योगवर्गाला पंचवीस वर्षं होतायत. सकाळच्या तुकडीने कट केलाय. म्हणे सर, तुमची वाटचाल लिहून काढा, आम्ही पुस्तिका छापतो. मी म्हटलं, त्यात काय लिहू? चौदाव्या वर्षी मास्तरांकडे ज्युदो. पंचविशीत दोन वर्षं काठी. मग हाताने विटा फोडायचा मूर्खपणा, त्यात दोन बोटं वाकडी झाली ती कायमची. मग मास्तरांबरोबर नुसतं बसणं, आणि शेवटी आसनं. एका ओळीत संपतं. पण ऐकतील तर शप्पथ.

तेव्हा रोज थोडं लिहायला घेतलंय. चौतिसाव्या वर्षापाशी येऊन अडलो. ते वर्ष तुला आठवतं ना? बायको निघून गेली होती. जाताना म्हणाली, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसता ते बसाच. मी मास्तरांच्या ज्युदोच्या हॉलची किल्ली परत करून आलो होतो. हे सगळं थोतांड आहे, आपण वीस वर्षं वाया घालवली, असं मनाने घेतलं होतं. आणि त्या आठवड्यात मास्तरांचं कार्ड आलं. अक्षर तुझं, शब्द त्यांचे. "हात नाहीसे झाले. आता फक्त श्वास उरलाय." बस, एवढंच. मी ते कार्ड हातात धरून जिन्यात बसून रडलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत आसनावर बसलो. आज ते वर्गाच्या भिंतीवर फुटाफुटाच्या अक्षरांत रंगवलेलं आहे. नवीन येणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी ते वाचतो.

आता खरी बातमी. हसू नकोस. माझेही हात नाहीसे होऊ लागलेत.

सहा महिने झाले. आधी फक्त बसल्यावर व्हायचं, आता अर्धा दिवस तसंच असतं. कप हातात आहे की नाही हे बघितल्यावर कळतं. तीस वर्षं वाट पाहिली रे! कुणाला सांगितलं नाही, फुशारकी वाटेल म्हणून. तुला सांगतोय.

एक काम कर. मास्तरांचे शेवटचे दिवस तूच पाहिलेस, तुझ्याच घरी होते ते. पुस्तिकेसाठी एक पान लिहून पाठव. कसे बसायचे, काय बोलायचे. मला ते शेवटी भेटलेच नाहीत, "आता कुणी येऊ नका" असा निरोप आला होता. ते पान आता तुझ्याकडून हवं.

तुझा
काडी


२१ जानेवारी

काडी,

अरे काय हे अक्षर! कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली की काय? एकेकाळी तुझं अक्षर असं, की हॉलमध्ये नोटीस लिहायला तुलाच बसवायचे. निम्मं पत्र मला बायकोला वाचायला लावावं लागलं. म्हातारा झालास, कबूल कर.

इकडे बरं आहे. गाद्या शिवतोय. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातले पलंग, जे येईल ते. मधे एका ज्युदोच्या हॉलच्या गाद्या आल्या होत्या भरायला. फाडल्या तर आतून तोच वास. मी दहा मिनिटं नुसता हुंगत बसलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, तरुणपण आहे आत. कान पार गेलेत. गादीवर घासून घासून दोन्ही कोबीचे गड्डे झालेलेच आहेत, आता आतूनही काही येत नाही. बायको पाटीवर लिहून भांडते, त्यामुळे भांडणं आटोपशीर होतात.

मास्तरांचं काय सांगू. खिडकीपाशी बसायचे. हात मांडीवर. फार बोलायचे नाहीत. शांत गेले. एवढंच लिही, पानभर कशाला पाहिजे? तेही कमीच बोलायचे.

त्यापेक्षा तुझ्या पुस्तिकेत ते लिही, मी तुझा गळा आवळला होता आणि तू हात आपटला नाहीस ते. एकोणीस वर्षांचा होतास. गादीवर दोनदा हात आपटला की समोरच्याने सोडायचं, हे पोरासोरांनाही माहीत. आणि हा पठ्ठ्या निळा पडला पण हात आपटेना. मला वाटलं तू अजून सुटायची धडपड करतोयस, म्हणून मी आवळतोय आपला! मास्तरांनी तुला कानफटात मारून शुद्धीवर आणलं. काय म्हणाले ते आठवतं का? "हात अडकले तर पाय आपट. पाय अडकले तर तोंडाने सांग. ज्याला सांगता येत नाही त्याने गादीवर यायचं नाही." तू त्यानंतरही कधी आपटला नाहीस. माझ्याकडून तर नाहीच.

आणि ते हातांचं एकदा डॉक्टरला दाखव. दाखवायला काय जातं?

ठोकळा


४ फेब्रुवारी

प्रिय ठोकळ्या,

डॉक्टर! तू मास्तरांबरोबर राहून हे लिहितोस? ज्या माणसाने "हात नाहीसे झाले" हे आपल्या हाताने कार्डावर लिहिलं, त्याने मला डॉक्टरकडे जा म्हणावं? मी तुझ्यावर रागावलेलो नाही, पण दोन दिवस हसत होतो.

आणखी सांगतो, म्हणजे तुझी खात्री पटेल. मान खाली घातली, हनुवटी छातीला लावली, की पाठीच्या कण्यातून वीज सरकते. मानेपासून थेट टाचांपर्यंत. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की कण्यात काहीतरी जागं होतं, आणि मनातून मला वाटायचं की आपण ऐकीव सांगतोय. आता ऐकीव राहिलं नाही. रोज सकाळी शीर्षासन वीस मिनिटं करतो. ते झालं की वीज जास्त खेळते. म्हणून आता पंचवीस करणार.

कपड्यांचंही सोपं केलं. गुंड्यांचे शर्ट देऊन टाकले, बिनगुंड्यांचे सदरे घातले. गुंड्या लावण्यात माणसाचा किती वेळ जातो याचा तू विचार केलायस? मला सकाळी दहा मिनिटं लागायला लागली होती. आयुष्यातून एकेक गोष्ट अशी आपोआप गळते, ओढून टाकावी लागत नाही.

आमच्या सकाळच्या तुकडीत एक शिंपीणबाई आहेत. ब्लाऊज, फ्रॉक, बारीक काम. वर्गातली सगळ्यात मन लावून करणारी बाई. दोन वर्षांपूर्वी घाबरत घाबरत माझ्याकडे आल्या. सर, रात्री अंगठा आणि दोन बोटं बधिर होतात, सुई हातातून पडते, डॉक्टरकडे जाऊ का? मी त्यांना भिंतीवरची ओळ दाखवली. म्हटलं, तुम्ही भाग्यवान आहात, मला अजून ते झालं नाही. हातांना धरून ठेवू नका, जाऊ द्या. बाईंचे डोळे भरून आले. तेव्हापासून एक दिवस वर्ग चुकवला नाही त्यांनी. पुस्तिकेचं सगळं काम त्याच बघतायत.

जिन्यावर परवा जरा घसरलो. पाय कुठे पडतोय ते कळलं नाही. लागलं नाही काही, पडायचं कसं ते मास्तरांनी शिकवलंय. उठून बघतो तर समोर दूधवाला तोंड उघडं टाकून उभा. म्हणाला, सर, तुम्ही पडलात पण किती छान पडलात!

मास्तरांचं पान पाठव. टाळू नकोस.

काडी


१० फेब्रुवारी

काडी,

तीन गोष्टींची उत्तरं लगेच पाठव. चालताना पाय जड होतात का? अंधारात तोल जातो का? लघवीला घाई होते का, किंवा अडते का? लाज बाळगू नकोस, आपण एका न्हाणीत वाढलो.

शीर्षासन आजपासून बंद कर. कारण विचारू नकोस. मी तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे, तेवढ्यासाठी तरी ऐक.

ठोकळा


१ मार्च

ठोकळ्या,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे एक पान मागितलं, ते मिळालं नाही, आणि वर हे असलं विचारतोस. हो, पाय जड होतात. हो, अंधारात भिंत धरतो. तिसऱ्याचं उत्तर देत नाही. मी चौसष्ट वर्षांचा आहे, तूही आहेस.

"कारण विचारू नकोस" हे वाक्य मास्तरांनी कधी उच्चारलं नाही. ते म्हणायचे, विचार, आणि मग पाठीवर आपटायचे. तुला काय झालंय ते मला थोडं कळतं. तू गाद्या शिवत राहिलास. मास्तर तुझ्या घरात होते, तुझ्या डोळ्यांसमोर होते, आणि तरी ते तुझ्या वाट्याला आलं नाही. ते माझ्या वाट्याला येतंय. हे बोचत असेल तर तसं लिही, मला चालेल. दुसऱ्या माणसाने भीती घालावी हे मला चालत नाही.

वीस तारखेचं ठरलंय. सगळे जुने-नवे मिळून दीडशे लोक येतील. भाषणं नकोत म्हटलं. मी आधी सगळ्यांसमोर अर्धा तास शीर्षासन करणार, मग अर्धा तास बसणार, मग पुस्तिका वाटायच्या. पहिल्या पानावर मास्तरांच्या कार्डाचा फोटो आहे, तुझ्या अक्षरातला. बघ, तूही छापून आलास!

तू येणार नाहीस हे माहीत आहे. तुझे गुडघे. निदान त्या दिवशी सकाळी सात वाजता तिकडे बस थोडा वेळ.

काडी


८ मार्च
(पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. आज १७ मार्च, टाकायला निघालोय.)

काडी,

हे पत्र पाचव्यांदा लिहितोय. आता फाडणार नाही.

मास्तर शांत गेले नाहीत.

आधी त्यांचं अक्षर बिघडलं. मग गुंड्या लागेनात. मी त्यांच्या शर्टांच्या गुंड्या काढून चिकटपट्ट्या शिवून दिल्या. तेही म्हणाले होते, बरं झालं, वेळ वाचतो. मग मान वाकवली की वीज जाते म्हणायचे. ते खूश होते रे. अगदी तुझ्यासारखेच खूश होते. मग जिन्यात पडायला लागले. मी उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, मानेचे मणके झिजून आतली नस दाबली गेलीय. आयुष्यभराच्या पडण्याने, आणि म्हातारपणी रोज डोक्यावर उभं राहिल्याने. म्हणाला, वर्षभर आधी आणलं असतं तर थांबवता आलं असतं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांना भरवलं. कूस मी बदलायचो. खाली मीच साफ करायचो. खिडकीपाशी बसायचे हे खरं आहे, मी बसवायचो म्हणून बसायचे. हात मांडीवर असायचे, मी ठेवायचो म्हणून. कुणी येऊ नका हा निरोप त्यांचाच होता. ज्यांना पडायला शिकवलं त्यांच्यासमोर असं पडलेलं दिसायचं नव्हतं त्यांना.

आता कार्ड.

तू किल्ली परत केलीस ते मी त्यांना सांगितलं. म्हणाले, लिहून घे. हे सांगितलं त्यांनी, शब्द न् शब्द मला पाठ आहे: "हात नाहीसे झाले. पायही चाललेत. मला फार भीती वाटते. काडीला म्हणावं, डोक्यावर उभं राहू नकोस."

पहिलं वाक्य मी लिहिलं. दुसऱ्यापाशी बघितलं तर ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, हे कसं पाठवायचं? काडीची बायको गेलीय, त्याने सगळं सोडलंय, त्यात आणि हे? मास्तरांना भीती वाटते हे कुणाला कळू द्यायचं? मी नाही लिहिलं. पण एका वाक्याने कार्ड रिकामं दिसत होतं. म्हणून मी आपलं खाली टाकलं, "आता फक्त श्वास उरलाय." मी टाकलं ते, काडी. गाद्या शिवणाऱ्याने. बरं दिसेल म्हणून.

मग तुझं उत्तर आलं, तू परत बसायला लागलास म्हणून. मला वाटलं, चला, बरं झालं. मग तू वर्ग काढलास. मग ते भिंतीवर रंगवलंस. दर वर्षी वाटायचं सांगावं, आणि दर वर्षी ते अवघड होत गेलं. जानेवारीत तुझं अक्षर पाहिलं आणि त्याच क्षणी मला कळलं. बायकोला वाचायला दिलं ते अक्षर लागत नव्हतं म्हणून नाही. माझ्याने वाचवेना. तरी मी कोंबडीचा विनोद केला.

हे सांगितलं तर तुझं आयुष्य हातातून काढून घेतल्यासारखं होईल आणि नाही सांगितलं तर हात जातील, असा दोन महिने विचार करत बसलो. काय विचार करायचा होता त्यात, मूर्ख माणसा? असं बायकोने पाटीवर लिहिलं. तिला काल सांगितलं.

वीस तारखेला डोक्यावर उभा राहू नकोस. आजच्या आज दवाखान्यात जा. पाया पडतो.

ठोकळा


२ एप्रिल

गादीवाल्या काकांना नमस्कार.

मी सरांच्या सकाळच्या तुकडीतली शिंपीण. सरांच्या पत्रांत माझा उल्लेख असेल कदाचित. पाकिटावरचा पत्ता पाहून लिहिते आहे.

वीस मार्चच्या कार्यक्रमात सर शीर्षासनातून पडले. अकराव्या मिनिटाला. आम्हाला वाटलं ते मुद्दाम उतरले, इतके हळू खाली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर उठेनात तेव्हा कळलं. टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला, मागच्यांना दिसत नव्हतं.

मानेचं ऑपरेशन झालं. पाय हलत नाहीत. हात कोपरापर्यंत थोडे हलतात, बोटं नाही. डॉक्टर म्हणतात, जे गेलं ते गेलं, उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू.

तुमचं पत्र तेवीस तारखेला आलं. सरांनी मला वाचायला सांगितलं. मी सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, बाई, तुम्ही आधी तुमचा हात दाखवून या.

मी दाखवला. मनगटातली नस दबली होती, मानेशी काही संबंध नाही. साधं छोटं ऑपरेशन असतं म्हणे. पण अंगठ्याच्या मुळाचं मांस झडून गेलंय, ते परत येणार नाही. डॉक्टरांनी विचारलं, दोन वर्षं काय करत होता? मी म्हटलं, वर्गाला जात होते. टाके घालणं, काजं करणं आता जमत नाही. पेन धरता येतं.

तुमच्यावर किंवा सरांवर रागवायला हवं हे मला कळतं. अजून ते सुरू झालेलं नाही.

शिंपीण


९ एप्रिल

काडी,

बाईंचं पत्र मिळालं.

मी नऊ दिवस पत्र खणात ठेवलं. नऊ दिवस. आठ तारखेलाच टाकलं असतं तर तुला तेरा-चौदापर्यंत मिळालं असतं. हा हिशोब मी रोज करतो आणि रोज तोच येतो.

मी येतो. गुडघे गेले खड्ड्यात. मास्तरांचं सगळं केलं, तुझंही करीन. मला ते काम येतं. कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून गादी कशी भरायची, सगळं येतं. नुसतं ये म्हण.

ठोकळा


२८ मे

ठोकळ्या,

हे बाई लिहितायत. मी सांगतोय. त्यांना बजावलंय की मी जे बोलेन ते सगळं लिहायचं, बरं दिसायला काही घालायचं नाही आणि काढायचंही नाही. तुझ्यामुळे ही अट घालावी लागली.

सात आठवडे मी तुला उत्तर दिलं नाही. आधी तुला शिव्या द्यायच्या होत्या. रोज छताकडे बघत नवीन नवीन जुळवायचो. त्या संपल्या. मग म्हटलं माफ करतो असं कळवावं, म्हणजे तुला झोप लागेल. पण ते खरं नाही. मी तुला माफ केलेलं नाही. मला करायचंय की नाही तेही माहीत नाही. सकाळी वॉर्डबॉय येऊन मला उताणा करतो तेव्हा तुझी आठवण येते, आणि ती चांगली नसते.

पंचवीस वर्षं मी तुझं वाक्य शिकवलं, गादीवाल्या. माझ्या वर्गातून दोन-अडीच हजार लोक गेले असतील. सगळ्यांना पहिल्या दिवशी तुझं वाक्य वाचायला लावलं, डोळे मिटून त्यावर बसायला लावलं. त्यातल्या किती जणांनी मला येऊन सांगितलं असेल, सर, इथे दुखतं, इथे बधिर वाटतं? मी सगळ्यांना भिंत दाखवली. बाईंचा हात तुझ्या माथी मारता येत नाही. तो माझा आहे. दोन वर्षांपूर्वी तू तिथे नव्हतास, मी होतो. एक बाई हात पुढे करून विचारत होती आणि मी तिला भाग्यवान म्हटलं.

वर्ग बंद झाला. जागा एका जिमवाल्याने घेतली. त्याने निरोप पाठवला की भिंतीवरचं वाक्य छान आहे, आम्ही ठेवतो. मी म्हटलं, रंगारी पाठवून दोन हात चुना मारा. त्याने ठेवलं म्हणतात. वजनं उचलणाऱ्यांना आवडलं.

तू म्हणशील, इतकी वर्षं बसला, त्याचं काहीतरी कामाला आलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. खूप मनापासून वाटलं होतं. रोज सकाळी श्वास बघतो. आत येतो, बाहेर जातो. तेवढंच आहे. बाकी मी अगदी साधा घाबरलेला म्हातारा आहे. ते चौतिसाव्या वर्षी कळलं असतं तर घड्याळजीच्या दुकानात नोकरी लागत होती, ती धरली असती. कदाचित बायकोही परत आली असती. कदाचित नसती.

आणि तुझं येणं. येऊन करणार काय? तुला ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही. आपण दोघं एका खोलीत बसलो तर बोलणार कसे? तू माझ्या तोंडाकडे बघत बसणार, मी तुझ्या कोबीच्या गड्ड्यांकडे. बाई मधे बसून किती लिहितील? त्यांच्या हातात तेवढी ताकद नाही. तेव्हा येऊ नकोस.

एकच सांगायचंय, त्यासाठी हे पत्र.

एकोणिसाव्या वर्षी मी हात आपटला नाही. तुला वाटलं मी सुटायची धडपड करतोय. मी धडपड करत नव्हतो. मला भीती वाटत होती आणि ती कुणाला कळू द्यायची नव्हती. निळं पडलेलं परवडलं. तेव्हापासून तेच करत आलो, फक्त त्याला मोठमोठी नावं देत गेलो. मास्तरांनी त्यांच्या शेवटी सांगितलं होतं. तोंडाने सांगितलं होतं, त्यांनी शिकवलं तसंच. ते तू पोचू दिलं नाहीस.

आता हात नाहीत. पाय नाहीत. म्हणून तोंडाने सांगतोय. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. मला फार भीती वाटते, ठोकळ्या. दिवसा वाटते, लोक समोर असताना वाटते. सोड. सोड रे मला.

तू धरलेलं नाहीस हे माहीत आहे. कुणीच धरलेलं नाही. तरी सांगून ठेवतो.

काडी


काका, वरचं सगळं सरांनी सांगितलं तसं लिहिलं आहे. पत्र वाचून दाखवल्यावर ते दोनदा म्हणाले, बाई, शेवटचं खोडा, बरं दिसत नाही. मी खोडलं नाही. शेवटी माझी बोटं दुखायला लागली म्हणून अक्षर तिरकं झालं आहे, ते समजून घ्या. आठवड्यातून दोन दिवस मी येते इथे. तुम्ही उत्तर पाठवलंत तर वाचून दाखवीन, जसं असेल तसं.

शिंपीण